बाराच्या तासातली हाक

त्या दिवशी ती दवाखान्यात गेली ती दोन कामांसाठी. एक काम साधं. आईजवळ रात्रभर थांबायचं होतं, म्हणून खांद्यावरच्या पिशवीत गाऊन, टूथब्रश आणि एक पातळ पांघरूण कोंबलेलं. आई कंबरेचं हाड मोडून तिथे पडली त्याला आठवडा होऊन गेला होता, पण लेकीने एकही रात्र तिथे काढली नव्हती. "आई, तिथे मीच केलेलं बेलचं यंत्र आहे. बटण दाबलंस की लगेच माणूस हजर. मी कशाला हवी?" असं म्हणून ती रोज संध्याकाळी घरी जायची. आई बिचारी मान डोलवायची आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना अभिमानाने सांगायची, "माझ्या लेकीनं केलंय हो ते यंत्र."

दुसरं काम मोठ्या सिस्टरनी काढलं होतं. सकाळीच त्यांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या त्या बेलचं जरा बघाल का? फोनवर सांगण्यासारखं नाही."

आता फोनवर न सांगण्यासारखं यंत्रात काय असतं? वायर तुटते, पडदा काळा पडतो, कुणीतरी चहा सांडतं आणि मी नाही त्यातली म्हणतं. ती आपली रस्ताभर असलाच काहीतरी विचार करत आली.

वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, एका टोकाला सिस्टरांची काचेची खोली. सकाळची गडबड उरकली होती. फिनेलचा वास, ओढलेले पडदे, आणि कुणाच्या तरी घशातली घरघर, बस. सात नंबरच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. त्या खाटेवर कालपरवापर्यंत निवृत्त शिक्षिका होत्या, सगळा वॉर्ड त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. परवा रात्री त्या गेल्या. पहाटेच्या फेरीला सिस्टर गेली तेव्हा अंग गार पडलेलं.

"बसा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. चाळीस वर्षं नोकरी केलेली ही सिस्टर. डॉक्टरांनाही तोंडावर सुनावणारी. आज मात्र खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती.

"बाई गेल्या परवा रात्री. काल दुपारी ती खाट रिकामी होती. मी स्वतः चादर काढायला लावली. आणि बारा वाजून गेल्यावर बेलच्या या पडद्यावर सात नंबर लागला."

"बेल वाजली?"

"वाजली. मग आवाज आला. 'सिस्टर… जरा येता का…' बाईंचाच. तो आवाज मी चांगला ओळखते. एकदा नाही मॅडम, तीनदा वाजली."

दाराच्या आत वॉर्डातले मामा उभे होते. खाटा ढकलणं, ट्रॉली फिरवणं, सगळं काम मामांचं. ते म्हणाले, "मॅडम, मी भुताला भीत नाही. पण ओळखीच्या भुताला भितो. मी काही आज सात नंबरकडे जायचा नाही, आधीच सांगतो."

ती हसली. कुणीही हसलं असतं. हसता हसता तिने लॅपटॉप उघडला, कारण यंत्रावर तिचा फार विश्वास होता.

हे यंत्र होतं तरी काय, ते सांगायला हवं. प्रत्येक खाटेशी एक छोटा डबा. त्यावर बटण. ते दाबलं की डबा सिस्टरांच्या खोलीकडे निरोप पाठवतो: खाटेचा नंबर, डब्याच्या घड्याळातली वेळ आणि थोडासा आवाज. डबे जुने, दवाखान्याने आधीच घेतलेले. ते वेळ पाठवायचे ती आपण बोलतो तशी, बारा तासांची. दुपारी बारापासून रात्री बारापर्यंत पीएम, मध्यरात्रीपासून दुपारी बारापर्यंत एएम. हिचा प्रोग्रॅम ती अक्षरं वाचायचा, तिची चोवीस तासांची वेळ करायचा आणि हाका क्रमाने लावून बेल वाजवायचा. डब्यांची घड्याळं चार-दोन मिनिटं पुढे धावायची, म्हणून तिने एक शहाणपणाची सोय केली होती. निरोपातली वेळ अजून यायची असेल, तर हाक धरून ठेवायची आणि ती वेळ झाली की वाजवायची.

तिने कालच्या हाका काढल्या. सात नंबर, तीन हाका, तिन्ही बारा वाजल्यानंतरच्या. मग डब्यांकडून आलेले मूळ निरोप उघडले, आणि तिचं हसू मावळलं.

१२:०९ एएम.

एएम. म्हणजे मध्यरात्र.

"काल दुपारी आणखी कुणाची बेल वाजली होती का हो? अशीच, उगाच?"

"तीन नंबरच्या आजोबांची," सिस्टर म्हणाल्या. "ते तर जेवत होते. म्हणे, 'मी रात्री दाबली होती, तेव्हा आला नाहीत आणि आता कशाला आलात?' आम्ही म्हटलं, वय झालं, भ्रम होतो."

तिने प्रोग्रॅममधली ती ओळ शोधली. शोधायला कष्ट पडले नाहीत. तिनेच लिहिलेली होती. एएम असेल तर आकडा तसाच ठेवा, पीएम असेल तर त्यात बारा मिळवा. चाचणी करताना दुपारच्या बाराचे चोवीस झाले, तेव्हा सगळे हसले होते आणि तिने लगेच दुरुस्ती केली होती: बारा असतील तर काही मिळवू नका. झालं, सुटला प्रश्न. चाचण्या सगळ्या दिवसा झाल्या. मध्यरात्री कोण बसतंय चाचणी घ्यायला?

पण संगणकाच्या लेखी मध्यरात्रीचे बारा वाजतच नाहीत. तिथे शून्य वाजतात. दिवस तिथून सुरू होतो. तिने मध्यरात्रीचा तो आकडा तसाच ठेवला होता, बाराचा बारा. म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या त्या एका तासात कुणी बटण दाबलं, की प्रोग्रॅमला वाटायचं, ही हाक दुपारची आहे, अजून पुष्कळ अवकाश आहे. आणि तो ती हाक धरून ठेवायचा. दुपार होईपर्यंत. अगदी इमानेइतबारे.

तिने सगळं सिस्टरना सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. सांगताना जीभ अडखळत होती.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "म्हणजे… बाईंनी हाक मारली होती."

"हो."

"आणि ती आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकू आली."

"हो."

"मी त्यांच्या सुनेला सांगितलं हो, की त्यांनी बेल दाबलीच नाही. दाबली असती तर आम्ही धावलो असतो, असं शपथेवर सांगितलं मी." सिस्टरनी पदराने तोंड पुसलं. "आता काय सांगू तिला?"

तिला रडू येत होतं, पण रडायचं तोंड तरी होतं का तिला? तिने मान खाली घालून ती ओळ बदलली. एएम आणि बारा, तर शून्य. इतकीशी गोष्ट. मग एकेक वेळ हाताने टाकून पाहिली, मध्यरात्र, मध्यरात्र उलटून थोडं, भर दुपार, रात्रीचा एक. सगळ्या बरोबर निघाल्या. धरून ठेवलेल्या हाका किती आहेत ते पाहिलं. एकही नव्हती. काल रात्री त्या तासात कुणीही बटण दाबलं नव्हतं.

"आता उशिरा काही वाजायचं नाही," ती म्हणाली.

"बारा वाजायला आलेत," मामा दारातून म्हणाले. "तेवढे वाजून जाऊ देत, मग सांगा."

तिघंही पडद्याकडे बघत बसली. वेडेपणाच होता तो. भर दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं, बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवतंय, आणि तीन जाणती माणसं श्वास रोखून बसलेली. भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे एकावर एक आले. मग मोठा काटा पुढे सरकला. आणखी सरकला. पडदा स्वच्छ होता.

"हुश्श," मामा म्हणाले आणि जेवणाची ट्रॉली आणायला गेले.

ती आईकडे गेली. आठ नंबर, सात नंबरच्या अगदी शेजारी. आई उशीला टेकून दोन्ही हातांत सुपाचा पेला धरून बसली होती. बटणाची वायर खाटेच्या कठड्याला गुंडाळलेली, आईच्या हातापासून चांगली लांब.

"आलीस का चिमे? पिशवी आणलीस? म्हणजे खरंच थांबणार तर! मला वाटलं, ऐनवेळी ऑफिसचं काहीतरी निघणार."

"थांबणार गं."

"थांब बाई. मला इथे रात्रीचं नको वाटतं आता." आईने रिकाम्या खाटेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या रात्री मी अर्धवट जागी होते. ती झोपेची गोळी देतात ना, डोळे उघडत नाहीत, पण कानावर येत असतं. बाई सारखं बटण दाबत होत्या. टिक… टिक… टिक… किती वेळ तरी. मला म्हणाल्या, 'कुणी येत का नाही हो?'"

"मग?"

"मी काय म्हणणार? मी म्हटलं, येतील, बाई. येतील. माझ्या लेकीचं यंत्र आहे. तर त्या गप्प झाल्या. मग मलाही झोप लागली." आईने सुपाचा घोट घेतला. "आले होते ना गं कुणी?"

आई तिच्या तोंडाकडे बघत होती, साध्या विश्वासाने, लहानपणी प्रगतिपुस्तक बघायची तशी. ती खोटं बोलणार होती. 'आले होते' एवढे दोन शब्द ओठांवर आलेही होते.

तेवढ्यात काचेच्या खोलीत बेल वाजली.

"मॅडम…" मोठ्या सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला. "आठ नंबर."

तिने आईच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात पेल्याभोवती. बटण कठड्यावर, जिथल्या तिथे.

"मी नाही हं दाबलं," आई म्हणाली.

ती पळतच पडद्याशी गेली. निरोप आत्ता, या मिनिटाला आला होता. खाट आठ. वेळ १२:२० एएम.

डब्याचं घड्याळ उलटं झालं असेल, तिने स्वतःला समजावलं. रात्र आणि दिवस यांची अदलाबदल, एवढंच. जुने डबे, असं व्हायचंच. ती परत आईच्या खाटेशी आली, स्वतःच्या हाताने बटण दाबलं आणि पुन्हा पडदा पाहिला. १२:२३ पीएम. बरोबर. डब्याचं घड्याळ ठणठणीत होतं.

"आवाज लावा," सिस्टर म्हणाल्या.

"नको."

"लावा मॅडम. काल बाईंचा ऐकला नसता, तर आजही आम्ही अंधारातच असतो."

तिने आवाज लावला. आधी नुसती खरखर. मग टिक… टिक… टिक… कुणीतरी बटण पुन्हा पुन्हा दाबत होतं. आणि मग एक बाई बोलायला लागली, धाप लागल्यासारखी.

"सिस्टर… कुणी आहे का? लवकर या हो… आई… अगं आई, डोळे उघड ना… सिस्टर! अंग गार लागतंय हिचं… कुणी येत का नाही…"

तिने खाडकन आवाज बंद केला. निरोप पुरता संपलाही नव्हता.

आपला आवाज आपल्याला परका वाटतो म्हणतात. पण तिला क्षणभरही शंका आली नाही, आणि सिस्टरनाही आली नाही.

"तुम्ही… काल रात्री इथे होतात?"

"मी एकही रात्र इथे राहिलेली नाही."

"मग हे कधी बोललात?"

तिची नजर आईच्या खाटेखाली ठेवलेल्या पिशवीवर गेली होती. गाऊन, टूथब्रश, पांघरूण. आज ती पहिल्यांदाच इथे रात्र काढणार होती.

त्यानंतर तिने जे केलं ते कुणालाही विचारून केलं नाही. थेट डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली: आईला घरी नेते. आत्ता. डॉक्टर चिडले. अजून दोन दिवस ठेवा म्हणाले, घाई काय आहे म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर न्या म्हणाले. "आणि नेताय खरं, पण ऑपरेशनात हाडात घातलेली सळई काढायला परत यावंच लागेल. एक रात्र राहावंही लागेल." तिने सगळ्याला हो म्हटलं, जिथे म्हणतील तिथे सही केली. मोठ्या सिस्टरनी एका शब्दाने अडवलं नाही, उलट स्वतः चाकाची खुर्ची आणली. मामांनी आईला उचलून गाडीत बसवलं. "आजी, सुटलात बघा," ते म्हणाले, आणि आई खूश होऊन हसली.

संध्याकाळच्या आत आई स्वतःच्या पलंगावर होती. ती रात्र लेकीने आईच्या पायाशी खुर्ची टाकून काढली. बारा वाजले. बारा वीस झाले. तिने आईच्या मनगटावर बोटं ठेवली होती, जीव मुठीत धरून. नाडी चालत होती. आई मजेत घोरत होती. एक वाजला तेव्हा ती पदरात तोंड घालून ओक्साबोक्शी रडली, बाईंसाठी, आईसाठी आणि टळलं म्हणून.

सकाळी घर कसं नेहमीसारखं होतं. आईने चहा मागितला, साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली. ती कुरकुरही तिला गोड लागली.

"एक गोष्ट सांगू का चिमे? माझी दवाखान्यातली एक रात्र उधार राहिली हं तुझ्याकडे," आई आतून म्हणाली. "सळई काढायला जाऊ तेव्हा थांब. मला एकटीला नको तिथे."

"थांबेन," ती बोलून गेली, आणि चहाचा कप हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दवाखान्यात नेऊ, तिने लगेच मनाशी ठरवलं. लांबच्या नेऊ. पण आठ नंबरची खाट कुठे नसते? आणि ती वेळ कुठल्या दिवसाची, हे कळल्याशिवाय टाळायची कशी? तिने लॅपटॉप ओढला, कालचा निरोप उघडला. तारीख पाहायची होती, बस. एकदा ती कळली, की त्या दिवशी आईला घेऊन जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली असती ती.

खाट आठ. वेळ १२:२० एएम. पुढे काही नाही.

तिला माहीत असायला हवं होतं. तिनेच तर ते निरोप वाचणारी ओळ लिहिली होती. डबे वेळ पाठवतात. तारीख कधीच पाठवत नाहीत. रात्रीचे बारा वीस, एवढंच. उद्याचे, पुढच्या महिन्याचे, की दहा वर्षांनंतरच्या एखाद्या रात्रीचे, हे त्यात कुठेही नव्हतं.

काल अर्धवट तोडलेला आवाज अजून शिल्लक होता. तिने तो शेवटपर्यंत लावला, हळू, आईला ऐकू जाणार नाही इतका. तिचंच रडणं. तिचीच धाप. टिक… टिक… टिक… मग ती गप्प झाली. आणि त्या शांततेत, अगदी जवळून, शेजारच्या खाटेवरून आल्यासारखा, एक म्हातारा, समजुतीचा आवाज आला. वर्गाला शांत करणाऱ्या शिक्षिकेचा.

"येतील, बाळ. येतील. तुझंच यंत्र आहे ना…"